कलम चौथे: पटाबाहेर गेलेला फासा

माझा योद्धा एका बाकरवडीमुळे मगरीच्या तोंडात गेला. हे वाक्य मी कंपनीत एकदा बोलून गेलो, तेव्हा लॅबमधल्या मंडळींनी मला त्या दिवशी लवकर घरी जायला सांगितलं. म्हणून जरा नीट सांगतो.

मी मानसिंग. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात क्वालिटी कंट्रोलला आहे. गेली सव्वीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक टँकरकडे संशयानं बघणं हे माझं काम. भिगवण रस्त्याच्या आतल्या बाजूला सहजीवन सोसायटी आहे, तिथं दुसऱ्या मजल्यावर मी आणि माधवी राहतो. समोरच्या सात नंबरमध्ये प्रियदर्शनी राहायला आली. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. बरोबर तिचे वडील, ज्ञानदेव तात्या. मूळचे इंदापूरचे, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. माणूस अबोल, पण बोलला की गाडी थेट मुक्कामाला.

या प्रियदर्शनीनं दर रविवारी दुपारी आपल्या घरी एक खेळ सुरू केला. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीच्यांनी गोष्टीतली एकेक भूमिका घ्यायची. तुम्ही म्हणालात, मी भिंतीवरून उडी मारतो, तर खुशाल मारा. पण जमली की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. सूत्रधार आधीच आकडा सांगतो, बारा म्हणा. बारा किंवा वर पडलं तर तुम्ही पलीकडे, खाली पडलं तर तुमचा पाय गळ्यात. मी, माधवी आणि तात्या खेळायचो. मी योद्धा, माधवी वैदू आणि तात्या नावाडी. येसू नावाडी.

गोष्ट तिची स्वतःची होती. उजनीच्या पाण्याखाली एक गाव बुडालेलं आहे, त्या गावात अजून संध्याकाळी दिवे लागतात, आणि आम्ही तिघं नाव घेऊन ते शोधायला निघालोय. मी सांगतो, त्या बाईसारखी गोष्ट सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. आलेखाच्या कागदावर तिनं सगळा जलाशय काढला होता. भिगवणच्या बाजारातली मासेवाली बोलायला लागली की आमच्या नाकाला वास यायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे ती फासा आमच्यासमोर टाकायची. राक्षसाचा फासासुद्धा उघड्यावर. आम्ही हरत असलो तरी कधी डोळेझाक नाही, आणि तात्या बाप आहेत म्हणून एक आकडा इकडचा तिकडे नाही. मी तिला एकदा म्हणालो, "पोरी, आमच्या प्लँटला तुझ्यासारखी माणसं पाहिजेत."

तर ती बाकरवडी. माझ्या योद्ध्यावर मगरीनं झडप घातलेली. नऊ पाहिजेत. मी फासा टाकला, तो गडगडत बशीपाशी गेला आणि बाकरवडीला टेकून तिरका उभा राहिला. माझ्या बाजूनं बघितलं तर सतरा. माधवीच्या बाजूनं दोन.

"सतरा," मी म्हणालो.

"दोन," माझी धर्मपत्नी म्हणाली.

तेवढ्यात तात्यांनी शांतपणे बाकरवडी उचलून खाल्ली. फासा पडला. दोन.

मगरीनं माझा योद्धा कमरेपर्यंत गिळला. मी म्हणालो, हा अन्याय आहे, तिरक्या फाशाचा काहीतरी नियम पाहिजे. प्रियदर्शनी हसून म्हणाली, "मूळ खेळात त्याचा नियम नसतो, काका. प्रत्येक घर आपापले नियम करतं. तुम्ही करा की आपले."

असं एखाद्या क्वालिटी कंट्रोलवाल्याला म्हणू नये.

पुढचे आठ दिवस मी दुधाकडे लक्ष दिलं नाही असं नाही, पण थोडं कमी दिलं. आधी फासेच तपासले. मिठाच्या दाट पाण्यात फासा तरंगत ठेवून टिचकी मारायची. सारखा एकच आकडा वर आला तर फासा एका बाजूला जड. लॅबमधल्या काचेच्या नळकांड्यात मी हे करत असताना आमचे साहेब आले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मानसिंगराव, हे कुठल्या सँपलमध्ये सापडलं?" मला खोटं बोलता येत नाही. तो माझ्या नोकरीतला सर्वांत अवघड अर्धा तास होता.

मग नियमावली. 'फासे टाकणेबाबतची नियमावली', कलमं तेवीस. तिरका फासा पुन्हा टाकावा. फाशावर फुंकर मारू नये. फासा किमान दोन कोलांट्या खाईल असा टाकावा. फासा हातात असताना देवाचे नाव घेण्यास हरकत नाही, मात्र ते मनात घ्यावे. आणि कलम चार: 'फासा पटाबाहेर गेल्यास डाव बाद समजावा.' टेबल म्हटलं असतं तर इंग्रजी झालं असतं, म्हणून मी 'पट' हा शुद्ध शब्द वापरला. त्या शब्दाचा मला किती अभिमान होता ते विचारू नका.

कलम चार मी का घातलं, तेही सांगतो. तात्यांमुळे. तात्यांची फासा टाकायची एक तऱ्हा होती. आधी घशातून 'घुर्रर्र' असा एसटीचा पहिला गिअर पडल्यासारखा आवाज, मग हात एकदम उघडायचा, आणि फासा सुटायचा तो थेट सोफ्याखाली. मग आम्ही सगळ्यांनी गुडघ्यावर बसून फासा शोधायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला हौस आहे. वयस्कर माणसाला असं तोंडावर कसं बोलणार? कलमातून बोललो. मध्यमवर्गीय माणूस भांडत नाही, परिपत्रक काढतो.

नियमावली मंजूर झाली. माधवीनं नाराजीनं हात वर केला, प्रियदर्शनीनं एकदा वडिलांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "लिवलंय ते बराबर हाय. मंजूर."

त्या रविवारी तात्यांचे चार डाव बाद झाले. एक फासा सोफ्याखाली, एक चपलांच्या स्टँडमध्ये, दोन स्वयंपाकघराच्या दाराशी. नावाडीच चुकत राहिल्यावर नाव जागच्या जागी गोल फिरत राहिली. तात्या दर वेळी म्हणायचे, "नियम म्हंजी नियम. फुडं चला." पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर तात्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले. "आज मी नुसता बघतो," म्हणाले. "नाव तुमीच वल्हवा."

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, चांगली नियमावली केली तर हे रुसून बसले.

घरी आल्यावर माधवी दार लावून माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तात्यांचा उजवा हात बघितलात का कधी?"

"म्हणजे?"

"दिवाळीआधी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोटं बंद होतात पण मनासारखी उघडत नाहीत. झटक्यानं उघडतात. चहा डाव्या हातानं पितात, उजव्यावर कायम पंचा टाकलेला असतो. डॉक्टरांनी सांगितलंय, उजवा हात वापरा म्हणून. ते घुर्रर्र काय गंमत म्हणून करतात व्हय? जोर लावतात ते."

मी खाली बसलो. दुधात अर्धा टक्का पाणी असलं तर मला नुसत्या रंगावरून कळतं. समोर अडीच महिने बसलेल्या माणसाचा हात मला कळला नाही.

आता खरं तर समोरचं दार ठोठावून "तात्या, चुकलं" म्हणायचं होतं. सहा पावलांचं अंतर. पण मला ते जमेना. मी कलम चार-अ तयार केलं: 'ज्येष्ठ खेळाडूंना पटाबाहेरील फाशाबाबत सवलत राहील.' तात्यांनी कागद चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मानसिंगराव, एसटीत शिनियर शिटिझनला सवलत आसती. ड्रायव्हरला न्हाय. माझ्यापुरता येगळा नियम नको. समद्यांना एकच."

मला तो माणूस त्या क्षणी फार मोठा वाटला, आणि माझी पंचाईत त्याहून मोठी. कारण आता असा उपाय पाहिजे होता, की सगळ्यांनी एकाच पद्धतीनं फासा टाकायचा आणि कुणाचाच हात मध्ये येऊ नये.

माधवी म्हणाली, परातीत टाका. किती सोपं! पण स्टीलच्या परातीत फासा जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मधल्या मोटारसायकलीसारखा कडेकडेनं फिरत राही आणि शेवटी उतारावर तिरका थांबे. कलम दोन. पुन्हा टाका. एका उडीला सात वेळा टाकला. मग मी नळाचा प्लॅस्टिकचा पाइप आणला; वरून फासा सोडायचा, खाली परातीत पडेल. पहिलाच फासा वाकणात अडकला. काढायला माधवीनं वरून उलथनं घातलं, तेही अडकलं. ते उलथनं तिच्या माहेरचं होतं. या विषयावर जास्त लिहीत नाही.

तेव्हा मला युवराज आठवला. पिंपळीचा, एमआयडीसीत वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, आमच्या प्लँटची सगळी पाइपलाइन त्याच्या हाताची. त्याला मी चित्र काढून दिलं: उभा मनोरा, आत तीन तिरप्या पट्ट्या, वरून फासा टाकला की ठेचकाळत खाली येईल. उंची लिहिली ४५. युवराज म्हणाला, "काका, रविवारपर्यंत विषय संपला."

शनिवारी दुपारी टेम्पो आला. त्यातून दोन माणसांनी उतरवलं ते पावणेचार फूट उंचीचं स्टेनलेस स्टीलचं प्रकरण होतं. तीन पाय, वर नरसाळं, मध्ये एक व्हॉल्व्ह.

"युवराज, हे काय रे?"

"पंचेचाळीस इंच. बराबर मापात हाय."

"सेंटिमीटर! पंचेचाळीस सेंटिमीटर!"

"ते कुठं लिव्हलंय?"

लिहिलं नव्हतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदावर 'एकक नमूद नाही' असा शेरा मारणाऱ्या माणसानं एकक नमूद केलं नव्हतं. मी अपमान गिळून विचारलं, "आणि हा व्हॉल्व्ह कशाला?"

"सवयीनं बसला," युवराज म्हणाला.

गेटवर वॉचमननं रजिस्टरमध्ये नोंद केली: 'टॉवर, एक नग.' या तीन शब्दांनी पुढचा आठवडा खाल्ला.

मी दुपारी दोन ते चार त्या मनोऱ्यातून चारशे वेळा फासा टाकला. तपासल्याशिवाय वापरणं माझ्या तत्त्वात नाही. पोकळ स्टीलमधून फासा खाली येताना गारपीट पत्र्यावर व्हावी तसा आवाज येत होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण बरोबर खालच्या चार नंबरमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी दादासो दुपारची झोप घेतात, हे आलं नव्हतं. दादासो पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांचं सगळं आयुष्य पाण्याच्या पाळ्या लावण्यात गेलं, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी परवानगीनं वाहते, असं त्यांना वाटतं.

त्या रविवारी खेळाऐवजी चारशे आकड्यांची वही घेऊन मी प्रियदर्शनीकडे गेलो. "सतरा जरा जास्त येतोय. मनोऱ्यात दोष आहे."

तिनं वही मन लावून पाहिली. हसली नाही. पेन घेऊन पाच मिनिटं आकडेमोड केली आणि म्हणाली, "काका, चारशेमध्ये एवढा फरक आपोआप पडतो. सगळे आकडे अगदी सारखे आले असते, तर मला तुमच्यावर संशय आला असता." मग जरा थांबून, "चारशे वेळा टाकलात तुम्ही? तात्यांसाठी?"

"मनोऱ्यासाठी," मी म्हणालो.

सोमवारी नोटीस आली. 'विषय: निवासी इमारतीत विनापरवाना यंत्रसामग्री बसविणेबाबत.' मी उत्तर दिलं की, सदर वस्तू यंत्र नसून मनोरा आहे. बुधवारी दुसरी नोटीस: 'विषय: विनापरवाना मनोरा उभारणेबाबत.' तोवर वॉचमनच्या रजिस्टरातला 'टॉवर' जिन्यानं वर चढला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बानूबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मानसिंगराव, मोबाईलचा टावर घरात लावला म्हणं तुमी?"

"बानूबाई, तो फाशांचा टॉवर आहे."

"कशाचा का आसंना. शनवारपासनं माझं डोस्कं धरलंय. आन रेंज तर काय न्हाय आली!"

म्हणजे तक्रार दोन्ही बाजूंनी. शुक्रवारी अकरा सह्यांचा अर्ज. एकानं खाली स्वतंत्र लिहिलं होतं, 'टॉवरला विरोध नाही, पण कंपनी चांगली असावी.' शेवटी दादासोंनी निकाल दिला: येत्या रविवारी खेळ होऊ द्यावा, ते स्वतः खाली अंगणात खुर्ची टाकून बसतील, प्रत्येक आवाजाची वेळ आणि तीव्रता नोंदवतील, आणि त्या अहवालावर निर्णय होईल.

तात्यांना यातलं सगळं कळत होतं. शनिवारी संध्याकाळी ते प्रियदर्शनीच्या खांद्यावर हात ठेवून सहा पावलं चालत आमच्या दारात आले. "उद्या खेळतो," म्हणाले. "तुमी येवढं लोखंड गोळा क्येलं. न खेळून कसं चालंल?"

"स्टील आहे, तात्या," मी म्हणालो.

रविवारी आमच्या घरी, मनोऱ्याशेजारी, गोष्ट शेवटाला आली होती. बुडालेलं गाव खाली दिसत होतं. दिवे दिसत होते. प्रियदर्शनी अगदी हळू बोलत होती, आणि तिच्या हळू बोलण्यानं आम्ही तिघं टेबलावर वाकत चाललो होतो. देवळाच्या कळसाभोवती भोवरा फिरतोय, नाव त्यात ओढली जातेय, वल्हं येसू नावाड्याच्या हातात. माझा योद्धा (मगरीतून वाचला तो, माधवीच्या वैदूनं त्याला ओढून काढला आणि रोज ऐकवलं) नावेच्या तळाशी झोपून आहे.

"चौदा पाहिजेत," प्रियदर्शनी म्हणाली.

तात्या उठले. मनोऱ्यापाशी गेले. पंचा बाजूला केला. उजव्या हातातला फासा नरसाळ्यावर धरला. खाली दादासो पेन घेऊन तयार असणार. तात्या तसेच उभे राहिले, मग वळले.

"ह्यात टाकला तर मशिननं टाकला व्हईल. नाव माझ्या हातात हाय."

"तात्या," मी म्हणालो.

"घुर्रर्र," तात्या म्हणाले, आणि हात उघडला.

फासा टेबलावर टेकलाच नाही. माझ्या कानाजवळून गेला, गॅलरीच्या दारातून बाहेर, कठड्याच्या दोन गजांमधून, आणि खाली. मग अंगणातून आवाज आला, "कोण आहे रे वर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कलम चारच्या कर्त्याकडे. मी घाईनं म्हणालो, "मी ते कलम मागं घेतो. आत्ता. या क्षणी रद्द."

"मधीच रद्द न्हाय करायचं," तात्या म्हणाले. चेहरा लाल झाला होता. "आधी लिवलंय. डाव बाद."

"थांबा," प्रियदर्शनी म्हणाली.

तिनं नियमावली काढली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवीस कलमं वाचली, कुठलीही घाई न करता. कॉलेजात पेपर तपासताना अशीच बसत असेल. मग मान वर केली.

"काका, कलम चार म्हणतं, फासा पटाबाहेर गेल्यास डाव बाद. पट म्हणजे काय, हे कुठल्या कलमात आहे?"

मी आठवून पाहिलं. "नाही. पट म्हणजे… टेबल."

"टेबल असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग जे लिहिलेलं नाही ते सूत्रधार ठरवणार. कलम बावीस, तुमचंच." तिनं कागद खाली ठेवला. "फासा जिथं थांबतो, तिथवर पट. डाव चालू आहे."

युवराजनं मला तेच विचारलं होतं, कुठं लिव्हलंय, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. या वेळी मला तिचे हात धरावेसे वाटले. नियम न मोडता, बापाला सवलत न देता, तिनं बापाचा डाव वाचवला होता. तात्यांनी दोन क्षण विचार केला. त्यांना कुठं खोट सापडेना.

"मग बघाया पाहिजे," ते म्हणाले. "माझा फासा हाय. मीच बघणार."

इथं मला सांगायला हवं की आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि तात्या इथं आल्यापासून जिना उतरले नव्हते. व्यायाम शिकवायला बाई घरी यायची. प्रियदर्शनी 'नको' म्हणाली नाही, 'चला'ही म्हणाली नाही. तिनं फक्त दार उघडलं.

अडतीस पायऱ्या. तात्यांचा डावा हात कठड्यावर, उजवा मोकळा. मी त्यांच्या पुढं एक पायरी, उलटा उतरत होतो. माझं तोंड त्यांच्याकडं, पाठ खाली. पडले असते तर मी त्यांना धरलं असतं की आम्ही दोघं मिळून दादासोंच्या दारात गेलो असतो, हे सांगता येत नाही. मधल्या मजल्यावर तात्या थांबले. घाम आला होता.

"तात्या," मी म्हणालो, "मला तुमच्या हाताचं ठाऊक नव्हतं. माझं चुकलं."

"मी दावला नव्हता," तात्या म्हणाले. "तुमी कसं वळखणार? सरका, मागं पायरी हाय."

खाली दादासो उभे होते. त्यांनी फाशाभोवती खडूनं गोल आखला होता आणि वर आपली खुर्ची उभी केली होती, चार पाय चार बाजूंना, म्हणजे कुणाचा पाय लागू नये. "कुणीही हात लावायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. "तीन वाजून बावीस मिनिटांनी वरून आलेली वस्तू आहे. आहे त्या स्थितीत पाहणी होईल."

खुर्ची बाजूला झाली. आम्ही सगळे वाकलो.

तीन.

दादासोंना झाला प्रकार माधवीनं दोन वाक्यांत सांगितला. त्यांनी तात्यांकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं, पुन्हा तात्यांकडं पाहिलं. मग घसा खाकरून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "फरशीच्या ब्लॉकच्या फटीत एक कड अडकलेली दिसते. तिरका धरता येईल. मी तसं लिहून देतो."

चाळीस वर्षं पाण्याची एक पाळी कुणाला आगाऊ न देणारा माणूस हे म्हणत होता.

"न्हाय," तात्या म्हणाले. "सपाट हाय. तीन म्हंजी तीन."

आम्ही प्रियदर्शनीकडं बघितलं. तिचा चेहरा जरा हलला. पण ती सूत्रधार होती. तिथंच अंगणात, दुचाकींच्या शेजारी उभं राहून तिनं सांगायला सुरुवात केली. वल्हं मोडलं. नाव एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि उलटली. पाणी गार आहे. वर कुठं आणि खाली कुठं ते कळत नाही. दिवे आता चहूकडं आहेत. योद्धा आणि वैदू नावाड्याच्या सदऱ्याला धरून आहेत. तिसऱ्या मजल्यावर बानूबाई कठड्यावर वाकून ऐकत होत्या. डोकं दुखायचं थांबलं असावं.

"येसू," प्रियदर्शनी म्हणाली, "आता काय करणार?"

"पवतो," तात्या म्हणाले.

"दोघांना घेऊन?"

"त्येंना हितं सोडून जाऊ व्हय?"

"मग अकरा पाहिजेत."

फासा खाली पडलेला होता. तात्या जवळच्या खांबाला डावा हात धरून वाकले. उजवा हात खाली नेला. बोटं फाशावर आली आणि मिटली, पण फासा निसटला. पुन्हा मिटली, पुन्हा निसटला. दादासो मदतीला वाकले, तेव्हा माधवीनं त्यांची कॉलर मागून घट्ट धरली. सोसायटीच्या सेक्रेटरीची कॉलर. ते तसेच अर्धे वाकलेले राहिले.

तिसऱ्या वेळी फासा बोटांत आला. तात्या सरळ झाले. घुर्रर्र झालं नाही. हात हळूच उघडला, एक बोट, दुसरं बोट, आणि फासा त्यांच्या पायाशीच पडला, दोन कोलांट्या खाऊन थांबला.

वाकताना तात्यांचा चष्मा घसरून नाकाच्या टोकाला आला होता. "किती हाय?"

"सोळा," दादासो म्हणाले. त्यांची कॉलर अजून माधवीच्या हातात होती.

आम्ही पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. तीन महिने एकदाही न अडखळलेली प्रियदर्शनी ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि तिच्याच्यानं बोलवेना. शेवटी बानूबाईंना धीर धरवला नाही. त्या वरून ओरडल्या, "अगं बाय, वर आला का न्हाय त्यो नावाडी?"

"आला," ती म्हणाली. "तिघंही आले."